तापू म्हणजे मनाई नव्हे

४ मार्च
पाठ्यपुस्तकाचं पान परत आलं. ‘टॅबू’ या इंग्रजी शब्दावर मी तीन परिच्छेद लिहिले होते. राजधानीच्या कचेरीतल्या हेदरबाईंनी सगळे खोडून एक ओळ ठेवली – टॅबू : मनाई असलेली गोष्ट. मूळ : टोंगा.
बस्स! १७७७ साली इंग्रजांची जहाजं आमच्या बेटांवरून हा शब्द घेऊन गेली. आमचा ‘तापू’. पवित्र, म्हणून हात न लावण्याजोगा. बायबललाही आम्ही तापू ग्रंथच म्हणतो. त्यांनी मनाई तेवढी नेली, पवित्र इथंच टाकून गेले. जोरसुद्धा शेवटच्या अक्षरावर देतात, आम्ही पहिल्यावर.
पुन्हा तीन परिच्छेद पाठवणार.

७ मार्च
बाबांच्या केसांना वास येतोय. अंथरूण धरून पाच महिने झाले. हातपाय मी पुसते, पण डोकं? बापाच्या डोक्याला मुलांनी हात लावायचा नाही – तापू. केस धुवायला शेजारचे सेमिसीकाका यायचे, ते न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेले. थोरल्या बहिणीला चालतं, तिचा मान भावाहून वरचा. पण लोसाआत्या जाऊन सहा वर्षं झाली. आई तर मी कॉलेजात असतानाच गेली.
सेमिसीकाकांच्या बायकोनं, मी धुते म्हटलं, तर बाबांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली!
त्यांच्या ताटातलं उरलेलं कोंबड्यांना घातलं. तेही मी खायचं नसतंच.

८ मार्च
धीर करून विचारलं. म्हणाले, “विद्यापीठात बापाच्या डोक्याला हात लावायला शिकवतात का?”
मी म्हटलं, बाबा, खाजवून खाजवून रक्त येतंय.
“येऊ दे. माझं आहे. तू पोरगी आहेस ना माझी? मग पोरीसारखी राहा.”
हसले वर. मला नाही हसू आलं.

१३ मार्च
हेदरबाईंचा फोन. एवढं कोण वाचणार, म्हणाल्या. मी भांडले. म्हटलं, मनाई मोडता येते, बाई. तापू मोडता येत नाही, कारण त्यात पाळणाऱ्याची माया असते. मग म्हणाल्या, बरं, एक परिच्छेद ठेवू.
जिंकले! सांगू कोणाला? बाबा झोपलेले.
आणि खरं लिहायचं तर – फोन ठेवला आणि वाटलं, बाईंचाच अर्थ खरा असता तर! नुसती मनाई असती, तर आज केस धुतले असते.

१४ मार्च
दिवसभरात कोंबड्यांशीच काय ते बोलले.

१६ मार्च
तुझी आई कुठे गेली, म्हणून बाबांनी दोनदा विचारलं. तापाची गुंगी असेल. पण अंग गार होतं.

१९ मार्च
सकाळी बाबांनी आपणहून माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. म्हणाले, “लोसाताई, केस धू गं. पोरगी येईल इतक्यात शाळेतून.”
धुतले. पोरगी यायच्या आत.