मेसेज यांच्या फोनवर येतो

३ नोव्हेंबर, सोमवार

नात झाली!

आकाशचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. हे समोरच पेपर वाचत बसलेले. "हो का... बरं, बरं," एवढंच म्हणाले मी, गॅसवाल्याशी बोलावं तसं. मग मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

तिकडे चिआंग माईत माझ्या मुलाला मुलगी झाली आणि मी इथं पुंडलिकनगरात मेथीची जुडी घेऊन बसलेय. सांगू कुणाला? या घरात आकाशचं नाव काढायचं नाही. तीन वर्षं होतील. जिल्हा परिषदेतली कायमची नोकरी सोडून पोरगा थायलंडला गेला — हॉटेलात स्वयंपाकी! यांच्या घराण्यात सरकारी नोकरीला लागलेले पहिले हे, दुसरा आकाश. यांनी पेढे वाटले होते, पार हर्सूलपर्यंत. "सगळ्या भावकीत मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाय त्यानं." तेव्हापासून बोलणं बंद. त्यानं लग्नाचं कळवलं तर यांनी ऐकून न घेता फोन ठेवला.

आणि सून तरी कोण? प्लॉय. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी. पण व्हिडिओवर त्रिसरण-पंचशील दोघी एका सुरात म्हणतो. आणखी काय सोनं लागतं!

४ नोव्हेंबर

विहारात मालनबाई म्हणाल्या, आमच्या उपासिका संघाच्या थायलंडच्या सहलीत एक जागा रिकामी झालीय. बँकॉक, अयुथ्या, परत. "कडुबाभाऊंना विचार अन् सांग." लुंबिनीला जाताना ओळखीसाठी म्हणून काढलेला पासपोर्ट आहे. बँकॉकहून चिआंग माईला रात्रभराची गाडी असते, आकाशनं मागेच सांगितलं होतं.

जेवताना यांना विचारलं. हे बराच वेळ भाकरी मोडत राहिले.

"जा. समदे चाललेत, तू बी जा." मग पाणी प्यायले. "पण बँकॉकच्या पुढं गेलीस तर मला कळंल. मग हिकडं यायची तसदी घेऊ नको."

"कसं कळेल?"

"मेसेज येतो मला. पैसे काढले की गावाचं नाव येतं त्यात."



५ नोव्हेंबर

खरं बोलले ते. पेन्शन माझी, खातं माझ्या नावावर, पण खात्याला मोबाईल नंबर यांचा. खातं उघडलं तेव्हा घरात एकच फोन, तो यांच्या खिशात. आमच्या शाळेतल्या सगळ्या बायांचं असंच. कुणालाच वावगं वाटलं नाही, मला तरी कुठं वाटलं! बँकेचं ॲपसुद्धा यांच्याच फोनमध्ये.

मी मेडिकलमध्ये कार्ड दिलं की घरी पोचायच्या आत हे गेटात उभे. चष्मा कपाळावर. मेसेज मोठ्यानं वाचतात, बातम्या द्याव्यात तसा. आणि मग एकच प्रश्न — "एवढे?" साडी घेतली, एवढे? दाढ काढली, एवढे? ओटीपी आला तर गल्लीच्या टोकापर्यंत आवाज जातो. चोराला फोन करायचीही गरज नाही, नुसतं दारावरून जावं!

सदतीस वर्षं पोरांना शिकवलं मी. स्वतःचा नंबर द्यायचं सुचलं नाही.

७ नोव्हेंबर

सुलेखाकडे गेले. आमच्याच शाळेतली, माझ्याआधी रिटायर झाली. मुलीकडे दुबईला जाऊन येऊन असते, तिला यातलं कळतं. सगळं सांगितलं तिला. ती हसली.

"नंबर बदलून टाक खात्याचा."

"मग?"

"मग जुन्या नंबरला आधी मेसेज जातो, नंबर बदलला म्हणून."

संपलंच की!

मग म्हणाली, प्रवासाचं कार्ड घे, ज्यात आधीच परदेशी पैसे भरून ठेवतात. पण ते भरायला पैसे माझ्या खात्यातूनच निघणार. मेसेज कुणाला? यांना! सगळे रस्ते फिरून यांच्या खिशात जातात.

शेवटी ठरलं — दुसऱ्या बँकेत नवीन खातं, माझा नंबर, नवं कार्ड. भरायला भिशीचे पैसे. या महिन्यात भिशी उचलायची पाळी सुलेखाची, ती मला देणार आहे.

१० नोव्हेंबर

नवीन बँकेत गेले. काउंटरवर तनुजा नावाची गोड मुलगी. म्हणाली, "काकू, आधारवर ओटीपी पाठवते हं."

मी तिचा हातच धरला! आधारलाही नंबर यांचाच!

ती घाबरली बिचारी. मग अंगठ्यावर काम झालं. पहिल्यांदा अंगठा उमटेना — खडू आणि भांडी, रेषा उरल्यात कुठं? चौथ्या खेपेला उमटला. ओळखीचं कुणी दिसलं तर काय सांगणार होते कोण जाणे.

कार्ड दोन प्रकारची. एक फुकट, पण देशातच चालणारं. दुसऱ्याला वर्षाचे पैसे, ते बाहेरच्या मशीनवर चालतं. दुसरं घेतलं. नावाचं कार्ड पोस्टानं घरी येतं म्हणाली. नको गं बाई! गेटात कोण उभं असतं ते तुला काय माहीत. म्हणून तिथल्या तिथं मिळतं ते बिननावाचं घेतलं.

माझं पहिलं स्वतःचं कार्ड, आणि त्यावर माझंच नाव नाही.

१२ नोव्हेंबर

दोघं हयातीचा दाखला द्यायला पेन्शनच्या बँकेत. काम झालं, बाहेर आलो, तर यांना आठवलं की चष्मा आत राहिला. परत गेले. मी उन्हात स्कूटरपाशी उभी. चष्मा आणायला किती वेळ लागावा? आले तर चष्मा कपाळावरच! "साहेब भेटले जुने," म्हणाले. आजकाल मीच चोर आहे, दुसऱ्याला काय बोलणार.

१५ नोव्हेंबर

आकाशनं बाळाचा फोटो पाठवला. नाक यांचं. अगदी तसंच पसरट! बघून पुसून टाकला. मग पुन्हा मागवला.

१८ नोव्हेंबर

आज वाचले थोडक्यात. नवं कार्ड परदेशात आपोआप चालत नाही. ॲपमध्ये जाऊन खटके चालू करावे लागतात. तनुजा शेजारी बसून दाखवत होती — परदेशातली दुकानं, ऑनलाइन, एटीएम, तिन्ही बंदच येतात. मी ओढत होते. तेवढ्यात यांचा फोन!

"कुठं हायस?"

"शहागंजात. ब्लाऊजपीस बघतेय."

"शहागंजात? एवढं शांत?"

मी तशीच उठले. फोन पर्समध्ये टाकला, रिक्षा केली. शहागंजात जाऊन खरोखरच एक ब्लाऊजपीस घेतला. जांभळा. मला जांभळा आवडतही नाही.

१९ नोव्हेंबर

सुलेखाची शिकवणी — बँकेला लागून असलेल्याच मशीनवर काढ. दर वेळी वेगळे पैसे कापतात, तेव्हा एकदाच काढ. मशीन विचारतं, तुमच्या रुपयांत हिशेब करून देऊ का? नाही म्हण, ते महागात पडतं. मी पाढ्यासारखं पाठ केलं.

सगळं जमेल. मग झोप का येत नाही? परत आले आणि दार उघडलं नाही तर? हे बोलले की बोलले, माघार घेत नाहीत. पोराच्या बाबतीत घेतली का? आणि एकटे राहतील कसे, चहासुद्धा धड करता येत नाही. राग येतो, आणि रागाच्या पोटात ही काळजी. मूर्ख आहे मी.

२० नोव्हेंबर

सकाळी यांच्या फोनवर मेसेज वाजला. हे दारच्या ओट्यावर होते. ओरडले नाहीत. गॅसचा असेल.

२२ नोव्हेंबर

बॅग भरली. डिंकाचे लाडू तळाशी, वर साड्या. "लाडू कुणाला एवढे?" — संघातल्या बायांना, म्हटलं.

जुनं कार्ड मी मुद्दाम कपाटात साड्यांखाली सारून ठेवलं होतं. चुकून हात जायला नको. तर हे कपाटातून काढून घेऊन आले! "हे राहिलं."

"नको. हरवेल."

"ने. तिकडं मशीन कार्ड गिळतेत म्हणं. एकावर भरोसा ठेवू नये."

एकावर? यांच्या लेखी माझ्याकडे एकच कार्ड आहे. मग 'एकावर' म्हणजे काय? का नुसतेच बोलून गेले? तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं कार्ड पर्सच्या आतल्या कप्प्यात घातलं आणि चेन लावली. टॅक्सीला म्हणून काही नोटाही दिल्या.



२५ नोव्हेंबर, बँकॉक

पोचलो. मालनबाईंनी सगळ्यांना इथलं सिम घालायला लावलं, नवा नंबर घरी कळवायला लावला. आपलं सिम कागदात गुंडाळून पर्समध्ये. बुद्धविहार बघितले, डोळे दिपतील असे. माझं लक्ष कुठं होतं!

मालनबाईंना चिआंग माईचं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "व्हय गं, मला काय दिसत नाय का? जा बाई. मी हाय हितं." आकाशनं गाडीचं तिकीट पाठवलंय. उद्या निघायचं.

२६ नोव्हेंबर

कार्ड चालत नाही!!

मशीननं नवं कार्ड घेतलं, विचार केला आणि परत ढकललं. दुसऱ्या बँकेचं मशीन — तेच. माझ्यामागे रांग, आणि मी इंग्रजी पाटी पुन्हा पुन्हा वाचतेय.

हॉटेलात येऊन डोकं धरून बसले. तेव्हा आठवलं. तीन खटके! दुकानांचा ओढला, ऑनलाइनचा ओढला, आणि यांचा फोन आला. एटीएमचा राहिला. सगळा खटाटोप केला तो ज्याच्यासाठी, तोच! ॲप उघडलं तर ते भारतातल्या सिमवर मेसेज मागतंय. सिम पर्समध्ये, आणि त्याला इथं रेंज नाही.

जांभळ्या ब्लाऊजपीसची आठवण होऊन हसू आलं, आणि मग रडू.

जाता तर येईल, तिकीट आहे. आकाश म्हणतो, "आई, पैशाचं काय घेऊन बसलीस, मी आहे ना." त्याला कसं सांगू? बाळाचं तोंड पहिल्यांदा बघायचं तर हातावर काहीतरी ठेवावं लागतं. माझ्या आजीनं ठेवलं, आईनं ठेवलं. पोराकडून घेऊन त्याच्याच पोरीच्या हातावर ठेवू? टॅक्सीच्या नोटा आहेत, पण त्या यांच्या. यांनी नातीला दिलेले नाहीत ते पैसे मी चोरून द्यायचे? नाही. ठेवीन तर माझे ठेवीन.

आता हाती येतील असे माझे पैसे एकाच ठिकाणी आहेत.

२७ नोव्हेंबर, चिआंग माई

सकाळी उतरले. आकाश बारीक झालाय. रस्त्यातच पाया पडला. मी त्याला धरून उभी राहिले, लोक बघत होते, बघू देत.

घराखालीच बँक, बँकेला लागून मशीन. त्याला म्हटलं, तू वर हो, मी आले. तो गेल्यावर आतल्या कप्प्याची चेन उघडली. जुनं कार्ड. मेसेज जाईल. गावाचं नाव जाईल. तिकडे आत्ता चहाची वेळ, हे ओट्यावर असतील, चष्मा कपाळावर.

आणि मग एकदम वाटलं — कळू दे! माझी नात, माझी पेन्शन. काय करतील? दार लावतील. मी पायरीवर बसेन. सगळं पुंडलिकनगर बघायला येईल, मी सगळ्यांना फोटो दाखवीन!

कार्ड घातलं. पिन दाबला. रुपयांत हिशेब करू का? नाही. मशीन घरघरलं आणि नोटा बाहेर आल्या.

वर गेले. प्लॉयनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. नाक यांचंच, फोटोत दिसत होतं त्याहून जास्त! मूठ उघडून नोट ठेवली, तिनं घट्ट धरली, सोडेचना. ही आमच्याकडची रीत, असं प्लॉयला मी खुणेनं सांगितलं. तिनं हात जोडले, मीही जोडले. मग आम्ही दोघी नुसत्याच रडत होतो, भाषा कशाला लागतेय.

दिवसभर फोन हातात धरून बसले. वाजला नाही. रात्रीही नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२८ नोव्हेंबर

खटक्यांची गोष्ट आकाशला सांगत होते. तो ऐकत होता आणि मधेच थांबला. "आई, मग जुन्या कार्डाचा परदेशातल्या एटीएमचा खटका तू कधी चालू केलास?"

मी कधीच नाही. ते ॲप यांच्या फोनमध्ये आहे.

मग मीच यांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मी काही बोलायच्या आत म्हणाले,

"मेसेज आला. एवढेच काढले?"