आईची बाई

४ जून
प्रिय दादास,
धाकटीचा ख्रिस्तात सलाम. वि. वि. आई खंगत चालली आहे. आता मला ओळखत नाही. अंग पुसायला, भरवायला ठेवलेली बाई समजते आणि माझ्या हातचं सगळं अळणी लागतं म्हणून झापते. ते मात्र खरं आहे, तूही हेच म्हणायचास.

संध्याकाळी प्रार्थना करताना रडते. पोटची मुलगी एकदाही फिरकली नाही, अशी देवाकडे तक्रार करते. मी शेजारीच गुडघे टेकून असते. फार लागतं रे.

आमच्या पाळकसाहेब दादांना चर्चच्या मंडळीतून सवड मिळाली तर उत्तर पाठवा. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
धाकटी

११ जून
चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. टोमणा पोचला. पण खरंच निघता येत नाही. इथे तापाची साथ आहे, रोज कुणाला तरी माती द्यावी लागते.

तू आईला खरं का सांगत नाहीस? हात धरून, शांतपणे सांग. तिच्यासाठी शाळेतली नोकरी सोडलीस. तिने एकदा ओळखून डोक्यावर हात ठेवावा, एवढं तरी तुझ्या वाट्याला यायला हवं.
तुझ्या काळजीत असलेला,
दादा

२० जून
प्रिय दादास,
सलाम. वि. वि. तुझं ऐकून सांगितलं. मुलीचं नाव सांगून घरात चोर शिरली म्हणून तिने आरडाओरडा केला. ताट भिरकावलं. त्यानंतर माझ्या हातून पाणीही घेईना. शेवटी केस बांधून, शेजारणीचा एप्रन घालून मागच्या दाराने आले आणि नवी बाई आहे म्हणाले. तेव्हा घोटभर प्याली.

आता पुन्हा सांगणार नाही. रागावू नकोस.
तुझी,
धाकटी

९ जुलै
प्रिय दादास,
सलाम. वि. वि. दफन आटोपून तू लगेच गाडी गाठलीस, म्हणून लिहिते. आईच्या स्मरणाच्या उपासनेत माझ्या सेवेवर उपदेश करणार म्हणालास. करू नकोस. लोक माझी वाहवा करतील आणि आईला नावं ठेवतील.

फक्त तुला सांगते. शेवटच्या संध्याकाळी तिने हात जोडले. मुलगी आली नाही, तरी प्रभू, तिला क्षमा कर, असं म्हणाली. मग माझ्याकडे बघत थांबली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी आमेन म्हटलं.

माया असू दे.
तुझी,
धाकटी