ऐंशी झाडांना पाणी

मुकुंदवाडी, औरंगाबाद
ता. २० नोव्हेंबर १९८३

तीर्थरूप गं. भा. आवडावहिनी यांस,
धाकटा दीर रामकिसन याचा सा. न. वि. वि.

चार दिवस पत्र लिहायला बसतो आणि उठतो. पुंजारामदादा होता तोवर पत्र त्याच्या नावानं यायचं आणि वाचून तुम्ही दाखवायच्या. आता लिहायचं तेही तुम्हालाच, हे हाताला अजून जमत नाही.

आम्ही सगळे बरे आहोत. कारखान्यात मला रात्रपाळी नाही, तेवढं सुख. मागची खोली रिकामी करून चुना लावून घेतला. तेराव्याला भाऊकीसमोर ठरलं ते तुमच्या ध्यानात असेलच. यंदाचा मोसंबीचा बहार तुम्ही एकटीनं धरायचा. फूल आलं तर तुम्ही बोरदरीतच राहायचं, आम्ही पुन्हा विषय काढायचा नाही. नाही आलं तर बाग बटईनं देऊन इकडे यायचं. ही अट मीच घातली, पण वाकड्या मनानं नाही. डोंगरात, शेवटच्या वस्तीवर बाई माणूस एकटं, एवढंच डोक्यात होतं.

लक्ष्मी म्हणते, वहिनी आल्या की रोज पेपर घ्यावा लागेल, नाहीतर किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचत बसतील.

मोठ्यांनी माया कमी करू नये.

आपला,
रामकिसन

•

बोरदरी, ता. कन्नड
ता. २ डिसेंबर १९८३

चि. रामकिसन भाऊजी यांस,
आवडाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाकिटावर आधी सौ. लिहून मग खोडलेलं दिसलं. मीसुद्धा रेशनच्या कागदावर परवा तसंच केलं. राहू द्या.

लक्ष्मीला सांगा, पुडीचे कागद वाचते हे खरं आहे. मला शाळेनं शिकवलं नाही, पुड्यांनी आणि आपल्या आशाच्या शाळेतल्या पुस्तकांनी शिकवलं. परवा साखरेच्या पुडीवर एका खटल्याची निम्मी बातमी निघाली. उरलेल्या निम्म्या बातमीसाठी पुन्हा साखर आणावी लागणार.

ठरलं ते माझ्या ध्यानात आहे. मी कबूल झाले होते, आजही आहे. पण तुम्हाला इथलं माहीत असावं म्हणून लिहिते. ही बाग आता आपल्या एकट्याची राहिली नाही. एका बागेच्या मालासाठी ट्रक घाट सोडून वर येत नाही, म्हणून तुमचे भाऊ गाढवांवरून माल खाली नेत. गावातली आणखी सहा घरं मोसंबी लावायला तयार आहेत, मग ट्रक वर येईल. शेती खात्याचे साहेब येऊन गेले. म्हणाले, रोपं देऊ, पण बाई, आधी ही बाग मालकामागं टिकते का ते बघू. सालदार सांडूही म्हणतो, वैनी, तुमच्या झाडाला फूल येऊ द्या, मंग म्या बी बापाच्या बरड्यावर वीस झाडं लावतो.

तेव्हा सगळ्यांचं बघणं ऐंशी झाडांकडे आहे. माघात काय ते कळेल. फूल नाही आलं तर पाडव्यानंतर माझी मी एस.टी.नं येईन. न्यायला येऊ नका, रजा वाया जाईल.

मुलांना जवळ घेतलं म्हणून सांगा. आठवण ठेवता, तशीच ठेवत जा.

आवडा

•

मुकुंदवाडी
ता. ११ जानेवारी १९८४

तीर्थरूप गं. भा. वहिनी यांस,
रामकिसनचा सा. न. वि. वि.

शनिवारी-रविवारी हुरड्याच्या निमित्तानं बोरदरीला येऊन गेलो. घराला कुलूप. सांडूनं सांगितलं, आशाला दिवसांच्या आधीच कळा लागल्या म्हणून तुम्ही कन्नडला तिच्या सासरी गेल्या. मुलगी झाली हे इकडे आल्यावर कळलं. दोघी खुशाल असतील.

आता जे लिहितो ते रागानं नाही. बागेत गेलो. पानं पिवळी, खाली पानांचा थर, जमिनीला भेगा. दादाला जाऊन चार महिने नाहीत आणि त्याची झाडं अशी. सांडूला विचारलं, अरे पाणी का नाही? तो मान खाली घालून, वैनीनंच मोटार बंद ठिवलीय, एवढंच बोलला. मी ओळखलं. दुःखात माणूस चूल पेटवायचं विसरतं, तुमच्यावर तर ऐंशी झाडं. तुम्हाला दोष नाही. मीच लवकर यायला हवं होतं.

दोन दिवस मोटार चालवली. एकेक आळं स्वतः भरलं, शेवटच्या झाडापर्यंत. हातात फावडं धरून मला वीस वर्षं झाली असतील. तळहाताला फोड आले, पण वहिनी, खरं सांगतो, दादा गेल्यापासून घास घशाखाली उतरत नव्हता. त्या दिवशी बांधावर बसून तीन भाकरी खाल्ल्या. इकडे आल्यावर लक्ष्मी म्हणाली, चार महिन्यांनी आज घोरलात. दादासाठी शेवटी काहीतरी करता आलं असं वाटलं.

आता मोटार बंद ठेवू नका. स्वतःला जपा आणि आम्हाला आपलं म्हणत राहा.

आपला,
रामकिसन

•

बोरदरी
ता. १९ जानेवारी १९८४

चि. सौ. आशास,
आईचे आशीर्वाद.

तू आणि बाळ बऱ्या असाल. शेक सोडू नकोस. सासूबाई डिंकाचे लाडू करतील म्हणाल्या आहेत. केले नाहीत तर आठवण कर, लाजू नकोस.

काकांनी बागेला पाणी दिलं हे तुला जावईबापूंकडून कळलं आणि त्यात एवढं काय, असं तू विचारलंस. तुझं लग्न झालं तेव्हा झाडं कमरेएवढी होती, बहार धरलेला तू पाहिला नाहीस. मोसंबीला नुसतं पाणी घालत राहिलं तर ती पानंच काढत बसते. फूल हवं असेल तर दीड महिना पाणी तोडावं लागतं. पानं पिवळी पडतात, गळतात, बघणाऱ्याला वाटतं झाड मेलं. त्याला ताण देणं म्हणतात. ताण पुरा झाला की खत घालून पाणी सोडायचं, मग सगळी बाग एकदम फुलते. तुझ्या वडिलांना मी मासिकातून हे वाचून दाखवलं होतं. ते करत गेले, मी बघत गेले. पाणी मधेच पडलं की ताण मोडतो. माझे तेहतीस दिवस झाले होते, बारा राहिले होते.

सांडूला विचारलं, तू बोलला का नाहीस? तर म्हणाला, मालकाचं भाऊ, आता त्येच मालक, म्या सालदारानं त्यांचा हात कसा धरावा? मला वाटलं तुमचं दोघांचं बोलणं झालं आसंल. तो रडकुंडीला आला होता. मी त्याला चहा करून दिला.

पुन्हा पाणी तोडून उपयोग नाही. सगळीकडे कोवळी पालवी आली आहे. दिसायला बाग फार छान दिसते.

काकांना यातलं काही लिहायचं नाही. जावईबापूंनाही बजाव. भाऊजींनी पत्रात लिहिलंय की त्या दिवशी त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. ते मला त्यांच्याकडून काढून घ्यायचं नाही. अट हरले तर हरले. मुकुंदवाडी काही परमुलूख नाही.

बाळाचं नाव ठरलं की कळव. तब्येतीला सांभाळ.

तुझी आई

•

बोरदरी
ता. २० जानेवारी १९८४

चि. रामकिसन भाऊजी यांस,
आवडाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. झाडं हिरवी झाली आहेत. आळी तुम्ही नीट भरली होती, बांधही कुठं फुटला नाही. आशा आणि बाळ खुशाल. तळहाताच्या फोडांना खोबरेल लावा.

जेवण जातंय हे वाचून बरं वाटलं. लक्ष्मीला आशीर्वाद सांगा, आणि असंच खुशालीचं कळवत जा.

आवडा

•

बोरदरी
ता. ५ मार्च १९८४

चि. रामकिसन भाऊजी यांस,
आवडाचे अनेक आशीर्वाद.

ठरल्याप्रमाणे कळवते. फूल आलं नाही. ऐंशीपैकी अकरा झाडांवर तुरळक आहे, त्याला बहार म्हणत नाहीत. दरवर्षी फुलावरच बाग ठरवून जाणारे कमरोद्दीन बागवान तुमच्या शहागंजातून आले होते. सगळी बाग फिरले, चहा प्याले, दराचं बोलणं न काढता गेले. जाताना सांडूशी काहीतरी बोलत होते. सहाही घरांनी रोपांच्या यादीतून नावं काढून घेतली. त्यांचं बरोबर आहे. साहेबांनीही पुन्हा चक्कर मारली नाही.

पाडवा दोन एप्रिलला आहे. तीन तारखेच्या सकाळच्या गाडीनं निघते. म्हैस सांडूच्या बायकोकडे देते. बाग बटईनं कोणाला द्यायची ते तुम्ही बघा, माझं कोणाविषयी काही म्हणणं नाही. माझ्याबरोबर एक पेटी आणि मासिकांचा गठ्ठा आहे. गठ्ठ्याला जागा नसेल तर आधी कळवा, म्हणजे इथंच ठेवीन.

लक्ष्मीला म्हणावं, माझ्यासाठी वेगळं काही करू नये. आहे त्यात सामावून घ्यावं.

आवडा

•

मुकुंदवाडी
ता. १४ मार्च १९८४

तीर्थरूप गं. भा. वहिनी यांस,
रामकिसनचा सा. न. वि. वि.

काल शहागंजात कमरोद्दीनभाईंच्या गाड्यावर गेलो होतो. मी कोण ते सांगितलं तर त्यांनी मला बसवून घेतलं. म्हणाले, पुंजाराम सेठ की बाग का लई अफसोस हुआ मियाँ. बाईनं ताण एकदम बरोबर दिला था, किसने तो बी बीच में पानी मार दिया. असला येडा कौन निकला, उसको पकडो. मग त्यांनी मला ताण म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मी ऐकत राहिलो. शेवटी सांगितलं, तो वेडा मीच. त्यांनी हातातली मोसंबी टोपलीत ठेवली.

वहिनी, तुम्ही मला का नाही लिहिलं? दोन महिने मी लोकांना सांगत फिरलो की भावाची बाग वाचवून आलो. कारखान्यात सांगितलं, लक्ष्मीच्या माहेरी सांगितलं. तुम्ही मात्र बांध फुटला नाही म्हणून लिहिता आणि खोबरेल लावा म्हणता. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. आई गेल्यावर तुमच्याच हातचं खाऊन मी मोठा झालो. मला बोलायचा हक्क तुमचा नाही तर कोणाचा?

अट मी घातली आणि मीच मोडली. आता ती धरायची नाही. तुम्हाला इकडे यायचं असेल तर या, खोली तुमचीच आहे. पण माझ्या त्या अटीपायी येऊ नका. भाऊकीला आणि त्या सहा घरांना काय ते मी स्वतः येऊन सांगतो. सांडूवर रागवू नका.

तोंड दाखवायला लाज वाटते, तरी पदरात घ्यावं.

आपला,
रामकिसन

•

बोरदरी
ता. २२ मार्च १९८४

चि. रामकिसन भाऊजी यांस,
आवडाचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुम्ही मोकळं केलंत, तर मी येत नाही. पेटी बांधली होती ती सोडली. सांडूची बायको म्हैस परत देताना म्हणाली, वैनी, मला ठावंच होतं, म्हनून म्या तिला नवीन दावं केलंच नाय.

का लिहिलं नाही ते विचारलंत. लिहून फूल आलं नसतं आणि तुमची भाकरी मात्र गेली असती, म्हणून. आता तुम्हाला कळलंच आहे, तर एक गोष्ट सांगते. ती मी आशालाही सांगितलेली नाही. ताणाच्या विसाव्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मी बागेत होते. यांनी सगळ्यात आधी लावलेलं विहिरीजवळचं झाड पार बोडकं झालं होतं. मला सगळं ठाऊक होतं, मासिकात वाचलेलं होतं, डोळ्यांनी दोन वेळा पाहिलेलं होतं. तरी मी मोटारीच्या खोलीत गेले आणि खटक्यावर हात ठेवला. किती वेळ ठेवला ते सांगता येत नाही. मग सांडूनं बाहेरून बैलाला हाक मारली आणि मी हात काढला. त्यानं तेव्हा हाक मारली नसती तर कमरोद्दीनभाई मलाच शोधत असते. तेव्हा वेडं कोण, याची चौकशी आता पुरे करावी.

गावात सांगायला या, पण मान खाली घालून नको. सहा घरांना मी कालच सांगितलं की फूल का आलं नाही, फक्त पाणी कोणी दिलं ते सांगितलं नाही. दोघांनी यादीत पुन्हा नावं दिली. बाकीचे म्हणतात, पुढचं बघू.

पुढचं असं आहे. हा बहार गेला तरी मृगाचा धरता येतो. आली ती तुरळक फुलं झाडून टाकते. चैत्र संपता संपता पुन्हा पाणी तोडायचं आणि मृगाचा पाऊस लागेपर्यंत थांबायचं. उन्हाळ्यातला ताण थंडीतल्यासारखा नसतो. पाच-सात झाडं खरोखरच जातील, कदाचित जास्त. मी ते धरून चालले आहे.

वैशाखात चार दिवसांची रजा काढून या. लक्ष्मीला आणि मुलांनाही आणा. आपण दोघं बांधावर बसून पानं गळताना बघू. त्या दिवसांत मोटारीच्या खोलीची किल्ली सांडूकडे राहील. तुमच्याकडे नको, माझ्याकडेही नको.

येण्याचा दिवस आधी कळवा, म्हणजे भाकरी जास्तीच्या टाकीन.

आवडा