आईंची चौकशी

प्रिय भावजी,

आमच्या घरून तुम्हाला पत्र येईल असं तुम्हाला वाटलं नसेल. मलाही वाटलं नव्हतं.

हे आजारी होते. जंगलात तोडायच्या झाडांवर खुणा करायचं काम चालू होतं. एका संध्याकाळी आंघोळ करताना गुडघ्यामागे गोचीड सापडली. चिमट्यानं ओढून काढली, "सासुरवाडीपेक्षा चिवट निघाली" म्हणाले आणि जेवायला बसले. पुढे ताप आला, उतरला. हे कामावरही जाऊ लागले. मग एका सकाळी डोकं धरून बसले. मान वळेना. पायातले बूट काढून फ्रीजमध्ये ठेवले. मी हसले, तर परक्या बाईकडे बघावं तसं बघत राहिले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोचिडीतून शिरलेला विषाणू मेंदूपर्यंत पोचलाय, मेंदूला सूज आहे. यावर नेमकं औषध नाही, शरीरानंच झुंजायचं. मी मान डोलावली. अजून तेच करते आहे. रडू येत नाही. कपडे वाळत घालते, ह्यांना फिरवून आणते. शेजारीण म्हणते, "धीराची गं तू." धीर कसला, आत काही हलतच नाही.

आता हे घरी आहेत. उजवा हात लुळा पडलाय, चमचा डाव्या हातात धरतात, निम्मं सांडतं. मला ओळखतात. पण अलीकडची काही वर्षं पार पुसली गेलीत, आणि त्या वर्षांबरोबर तुमच्याशी धरलेला अबोलाही. "दादा फोन का करत नाही?" असं सारखं विचारतात. खरं सांगू, आधी मला बरंच वाटलं. ज्या रागानं ह्यांनी तुमचा फोटो भिंतीवरून उतरवला, तो एवढ्याशा किड्यानं खाऊन टाकला.

पण परवा म्हणाले, "आई दादाकडेच आहे ना? तिला फोन दे म्हणावं." मी जवळ बसून सांगितलं, आई गेल्या. ह्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "काहीतरीच. तसं असतं तर दादानं मला आधी कळवलं असतं."

भावजी, तेव्हा तुम्ही आईंचं क्रियाकर्म उरकल्यावर कळवलंत. का, ते मी विचारत नाही. पण आता या. ह्यांच्या शेजारी बसा आणि आई गेल्याचं तुम्हीच सांगा. माझं ते ऐकत नाहीत.

तुमचीच,
धाकटी