तांबटांच्या चौकातली हाक

अहो आई,

तुमचा मुलगा हरवला. मोरोक्कोत, फेझ नावाच्या गावात, भर दिवसा, माझ्या डोळ्यांदेखत. सापडला की नाही ते ओघानं येईल. तुमची सवय मला ठाऊक आहे, टीव्हीवर मालिका लागली की 'शेवटी जगतो का मरतो तेवढं सांग, मग मी निवांत बघते' म्हणायचात. या वेळी नाही सांगणार. मी जशी भाजून निघाले तशा तुम्हीही जरा निघा. हॅमिल्टनच्या आपल्या त्याच स्वयंपाकघरात बसून लिहितेय, तेच टेबल, तुमची ती खिडकीकडची खुर्ची. बाहेर बर्फ आहे, शेजारी फावड्यानं ड्राइव्हवे शोव्हल करतायत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी या खुर्चीत बसताना सुनेसारखी पाठ ताठ ठेवून बसते मी. कशाला, ते माझं मलाच कळत नाही.

ह्यांचं विसरणं किल्ल्या-चष्म्यापासून सुरू झालं नाही, ते तर सगळ्यांचंच होतं. जन्मभर पोलादाच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून काढलेला माणूस, एक दिवस बेसमेंटमध्ये पक्कड हातात धरून उभा होता आणि मला विचारत होता, हे कशासाठी असतं? डॉक्टरांनी त्या विसरण्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि म्हणाले, कुठं जायचं असेल तर यंदाच जाऊन या. मोरोक्कोची तिकिटं आम्ही आधीच काढून ठेवली होती. ग्वेल्फहून लेक आली, अंगातला कोटही न काढता म्हणाली, "आई, आर यू सीरियस? बाबा आपल्याच स्ट्रीटवर कन्फ्यूज होतात, आणि तू त्यांना अशा गावात नेतेस जिथं फोनवरचा मॅपसुद्धा चालत नाही?" मी म्हटलं, मी आहे ना बरोबर. खरं सांगू का, ह्यांना जायचं होतं की नाही देव जाणे, मला जायचं होतं. पुढच्या वर्षी हे मला ओळखतील याचा भरवसा नव्हता, आणि नवऱ्याबरोबरची शेवटची सहल मी सोडणार नव्हते. हट्टी तर मी आहेच, नात्यागोत्यात तुम्हीच सांगत फिरायचात.

फेझचं जुनं गाव म्हणजे तटाच्या आत कोंबलेल्या गल्ल्याच गल्ल्या. मोटार नाही, रिक्षा नाही, सगळं चालत बघायचं, आणि तेही गाइडच्या मागून. आमचा गाइड पन्नाशीचा, पायघोळ टोपीवाला झगा घातलेला. त्याचा भाऊ मॉन्ट्रियलला असतो, त्यामुळे आम्ही कॅनडाचे म्हटल्यावर जणू त्याच्या घरचेच झालो. मी त्याला बाजूला घेऊन ह्यांचं सगळं सांगून ठेवलं. त्यानं ह्यांना आपल्या मागं पहिलं उभं केलं, ह्यांच्या मागं मी, मग बाकीचे. निघायच्या आधी त्यानं सगळ्यांना बजावलं, "हरवलात तर चालू नका. असाल तिथं उभे राहा, मी येतो. चालत राहिलेला माणूस इथं सापडत नाही." मी ह्यांची बाही घट्ट धरली. लेकीनं नाव-नंबरचं कार्ड गळ्यात अडकवायला दिलं होतं, ते ह्यांनी सकाळीच हॉटेलवर काढून ठेवलं होतं. "मी काय पाळलेला कुत्रा आहे?" म्हणाले. आणि मला ते पटलं हो. मला ते कार्ड पहिल्यापासून आवडलं नव्हतं.

सकाळ फार छान गेली, हेच वाईट झालं. चामडं कमावतात तिथं नाकाशी धरायला पुदिन्याच्या काड्या देतात, ह्यांनी आपली काडी चावून खाल्ली आणि माझीही मागितली. एका वळणावर गावची भट्टी होती, बाया घरून पाव थापून फळीवर मांडून आणतात आणि भाजून नेतात. हे तिथं वाकून आत बघत मला म्हणाले, "टेंपरेचर बघ कसं नुसत्या हातानं ओळखतोय." टेंपरेचर. कित्येक महिन्यांनी हा शब्द ह्यांच्या तोंडी आला. अलीकडे ह्यांचं इंग्रजी आटत चाललंय, समोर गोरा असो की चिनी, हे मराठीतच बोलतात. तो एक शब्द ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी बाही सोडली. लोकांची लेकरं चालतात तसं हातभर अंतरावर चालू दिलं ह्यांना.

तेवढ्यात लांबून ठोके ऐकू यायला लागले. तांब्यावर हातोडी. गाइड म्हणाला, पुढं तांबटांचा चौक आहे. हे थबकले आणि मान वाकडी करून ऐकत राहिले. मी काय ते समजायला हवं होतं, कारण पुण्यात तुमचं बिऱ्हाड तांबट आळीच्या तोंडाशी, आणि तुमचं पोर दिवसभर त्या तांबटांच्या दारात पडलेलं, हे तुम्ही मला शंभरदा ऐकवलंय. त्या ठोक्यांवरून तर आपलं एकदा वाजलंही होतं. आठवतंय? या एवढ्याशा घरात, बेसमेंटच्या जिन्याशी उभ्या राहून तुम्ही इतक्या वरच्या पट्टीत हाक मारायचात की पोरं कानावर हात ठेवायची. 'पानं घेतलीत रेऽऽ, हात धुऊन ये.' मी म्हटलं, अहो आई, हळू, खालीच आहेत ते. तुम्ही म्हणालात, तांबटांच्या ठोक्यांतनं ऐकू जायला हवी म्हणून गळा असा झालाय, आता काय बदलतोय तो. मला तुमच्या आवाजाचा राग नव्हताच. राग याचा होता की घर माझं, हॉस्पिटलच्या लॅबमधून येऊन उभ्या उभ्या केलेला स्वयंपाक माझा, आणि जेवायला हाक मात्र तुमची. तुम्ही माय-लेक टेबलाशी बसायचात, मी स्टोव्हपाशी गरम पोळ्या करत राहायचे, डोक्यावर एक्झॉस्ट फॅनची घरघर, आणि त्या घरघरीतूनही तुमचा आवाज पोचायचा, 'ती बसेल मागून.' रोज. कोणी विचारलं होतं तुम्हाला, मी कधी बसणार ते? दात-ओठ खात पोळी लाटायचे मी.

तर त्या गल्लीत समोरून खेचर येतं. दोन्ही अंगांना गॅसचे सिलिंडर लादलेलं, मागून हाकणारा ओरडतोय. गाइड हात पसरून सगळ्यांना भिंतीला दाबतो. मी एका दुकानाच्या पायरीवर चढते, हे समोरच्या भिंतीला टेकलेले मला दिसतात. खेचर जातं, त्याच्या मागं दुसरं, त्याच्यावर ओल्या कातड्यांचा ढीग, वासानं मी तोंड फिरवते. परत बघते तर नुसती भिंत. भिंतीच्या कडेला एक बोळ आहे, एक माणूस कसाबसा जाईल एवढा, तो मघाशी मला दिसलाच नव्हता. मी बोळात शिरते, बोळ पुढं दोन होतो, आणि त्यातला एक परत दोन. कोणी माणूस नाही, एक मांजर आहे. माझ्या मागं धावत आलेला गाइड म्हणतो, "मॅडम, तुम्ही इथंच उभ्या राहा." मी म्हणते, मी उभी राहीन हो, पण ते उभे राहणाऱ्यातले नाहीत. त्यांना तुमची भाषा येत नाही, आता इंग्रजीही धड येत नाही, खिशात कागद नाही, हॉटेलचं नाव विचारलं तर पुण्याचा पत्ता सांगतील. आणि मग मला ठोके ऐकू येतात. त्याचं मनगट धरून मी म्हणते, तांबटांकडे चल.

बाकीच्यांना एका चहावाल्याकडे बसवून आम्ही पळत निघालो. या वयात, या गुडघ्यांनी. चौकात एक मोठं झाड, भोवती कढया, पराती, माणूस बसेल एवढी घंगाळी, आणि दहाबारा जण एकदम ठोकतायत. हे नाहीत. झाडामागं नाहीत, दुकानांत नाहीत, घंगाळ्याआडसुद्धा बघून आले मी. चौकातून चहूकडे बोळ फुटलेले, प्रत्येक बोळ अंधारा. गाइड तांबटांना काहीतरी ओरडून सांगतो, हातोड्या एक एक करत थांबतात. तो विचारतो, "मॅडम, त्यांचं नाव काय?" आणि माझी जीभ अडते. आई, सगळा संसार झाला, मी ह्यांना नावानं हाक मारलेली नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, बाकी सरकारी कामापुरतं. समोरच्या घरातली गोरी बाई नवऱ्याला नावानं हाक मारते ते बघून तुम्हीच एकदा म्हणाल्या होतात, तूही नावानं बोलाव की, मला काही वाटायचं नाही. मी मुद्दाम नाही बोलावलं. नवरा माझा, परवानगी तुमची कशाला? आता मी ते नाव त्या चौकात ओरडले. माझ्या तोंडून ते भलत्याच कोणाचं तरी वाटलं. गाइड त्याच्या पद्धतीनं ओरडला. कोणी आलं नाही. बायकोच्या तोंडून जन्मात न ऐकलेल्या नावाला हा माणूस का ओ देईल? मग 'अहो' म्हणून ओरडले. अहो म्हणजे कोणीही. दोघे तांबट माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत होते. गाइड म्हणाला, मी पोलिसांना फोन लावतो, आणि त्यानं खिशात हात घातला. लेकीला काय सांगू, हेच एक डोक्यात. बाही सोडली म्हणून सांगू?

आणि मग माझ्या लक्षात आलं, आपण चुकतोय. ठोके ऐकून जो गेला तो माझा नवरा नव्हताच, तो तांबट आळीतला तुमचा मुलगा होता. त्याचं लग्न कुठं झालंय अजून? त्याला 'अहो' म्हणणारी कोण? मी गाइडला म्हटलं, त्यांना ठोकायला सांग. तो म्हणाला, "मॅडम, मग ऐकू कसं येणार?" मी म्हटलं, तू सांग. हातोड्या परत सुरू झाल्या, कानठळ्या बसतील अशा. मी झाडाच्या पारावर चढले, तुमच्यासारखा एक हात कमरेवर ठेवला, आणि आवाज जितका वर जाईल तितका नेऊन ओरडले, "पानं घेतलीत रेऽऽ, हात धुऊन ये." नवऱ्याला 'रे' म्हटलं मी, भर बाजारात. कोणी आलं नाही. परत ओरडले. आवाज फाटला, खोकला आला, तरी परत ओरडले, आणि या वेळी तो माझा आवाज नव्हता आई, तुमचा होता, मी माझ्या कानांनी ऐकला.

डावीकडच्या बोळातून हे आले. सावकाश, शहाण्या मुलासारखे. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले, अंगापासून लांब धरलेले, पाणी निथळतंय. त्या बोळाच्या तोंडाशी रंगीत फरश्यांनी मढवलेला सार्वजनिक नळ होता, तिथं थांबून हात धुऊन आले होते. मी पारावरून कशी उतरले आठवत नाही. ह्यांच्या बाह्या, खांदे चाचपले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या मागं जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुठं बसायचं?" मी तिथं तांबटांच्या फरशीवर बसले आणि लहान पोरीसारखी रडले. गाइड जाऊन भट्टीतला गरम पाव घेऊन आला. तो ह्यांनी नीट मांडी घालून खाल्ला, माझी वाट न बघता.

घरी आल्यावर लेकीला सगळं सांगितलं, बाहीसकट. मला वाटलं बोलेल, पण ती नुसती म्हणाली, "ओके, आई," आणि आता दर वीकेंडला इथं येते. जेवायला हाक मी मारते. 'अहो, चला' म्हटलं तर हे खुर्चीतून हलत नाहीत. तुमच्या हाकेला हलतात, आधी वॉशरूममध्ये जाऊन हात धुतात आणि पानावर येऊन बसतात. इतकी वर्षं ती हाक मला हवी होती, मिळाली एकदाची.

काल वरण-भात वाढला आणि मी ह्यांच्या शेजारी, तुमच्या खुर्चीत बसले. ह्यांनी घास उचलला आणि खाली ठेवला. मान वळवून स्टोव्हकडे बघितलं, तिथं कोणी नव्हतं. मग माझ्याकडे झुकून, तिकडे ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात विचारलं, "आई, ती जेवली का?"

म्हणजे हे रोज विचारत होते. आणि फॅनच्या त्या घरघरीत मला फक्त तुमचं उत्तर ऐकू येत होतं. अहो, एकदा तरी सांगायचंत मला. हेच भांडायला आज लिहायला बसले होते. पण हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण मग मी काय उत्तर दिलं तेही तुम्हाला कळलं असतं. मी म्हटलं, "ती बसेल मागून, तू जेव."