शांताकाकूंना सरळ विचारलं

मंगळवार, सोनपेठ

मनाच्या प्रथमोपचाराच्या शिबिरात शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, कुणी जीव द्यायच्या विचारात आहे अशी शंका आली तर सरळ विचारा, विचारल्यानं मनात नसलेला विचार येत नाही. मला ते पटलं नव्हतं. असं कसं विचारायचं कुणाला?

आज गल्लीतल्या शांताकाकू माझ्या दुकानात बांगड्या भरायला आल्या. एरवी रंगावरून तासभर घालवतात. आज हात ढिला सोडून म्हणाल्या, "कोणत्याबी भर. आता किती दिवस घालायच्यात."

मी बांगडी खाली ठेवली, हात सोडला नाही.

"काकू, जीव द्यावा असं वाटायलंय का?"

त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"वाटायलंय. कुणी इचारलंच न्हाई."

त्यांच्या लेकीला फोन केला. ती येईपर्यंत हात धरूनच बसले. आज लेक त्यांच्याजवळ राहणार आहे, उद्या आम्ही तिघी परभणीला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे जाणार.

जाताना काकूंनी विचारलं, "तुला कसं कळलं गं?"

मला कुठं कळलं होतं? कळत नव्हतं म्हणूनच विचारलं. इतकी वर्षं बायकांचे हात हातात घेतेय, आणि बांगडीच्या मापाशिवाय काहीच कसं विचारलं नाही मी?