नित्याच्या नावाचा पेपर

तंजावूर,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. कृष्णवेणीस,

अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, इथे सगळी धडधाकट आहेत. तुझे भावोजी गुडघ्याला तेल चोळून घेतात आणि मग तोच गुडघा घेऊन राजवाड्यापर्यंत दोनदा जाऊन येतात. दीपावलीच्या पहाटे चाटायचा लेह्यम केला आहे, पण सुंठ जरा जास्तच पडली. तुझ्या नित्याने एक बोट चाटलं आणि डोळ्यांत पाणी येईतो हसली. शुक्रवारी संध्याकाळी ती नीट पोचली. आत्ता भावोजींबरोबर शिंप्याकडे गेली आहे. तासाभरात दोघं येतील, तेवढ्यात मला हे लिहून संपवायचं आहे. साडेचारच्या बसनं ती निघेल आणि हे पाकीट तिच्याच पिशवीत असेल.

तू म्हणशील, रोज फोनवर बोलतो, मग पत्राचं सोंग कशाला? अगं, फोनवर मी तोंड उघडते आणि तू म्हणतेस, "काय करूलागलीस, अक्का?" की मी सांगत सुटते, वांगी चिरते आहे, रसवांगी करायची आहे. तीस वर्षं शाळेत पोरांना ओरडून सांगितलं, उत्तर मुद्द्याला धरून लिहा. आता स्वतःवर वेळ आली तर बघ, अर्धं पान लेह्यमात गेलं.

मुद्दा नित्याचा आहे.

बुधवारी तू तिच्या तिसरीच्या प्रगतिपुस्तकाचा फोटो पाठवलास. खाली लिहिलंस, "बघ अक्का, तुझी सही! वाचनात अ श्रेणी. पुढच्या गुरुवारी डॉक्टरांना हेच दाखवते, म्हणजे त्यांना कळेल पोर मुळात हुशार आहे." तो कागद तू सात वर्षं कपाटात जपून ठेवलास. मी तुला उत्तर म्हणून हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि न्हाणीघरात जाऊन उगाच नळ सोडून बसले.

कृष्णवेणी, तो कागद दाखवू नकोस. डॉक्टरांना पोर हुशार आहे की नाही हे बघायचंच नाहीये. अक्षरं ओळखण्याचा हा दोष तिला लहानपणापासून आहे का, हे त्यांना जुन्या कागदांवरून बघायचं आहे. तिसरीत घडाघडा वाचणारी मुलगी दहावीत अडखळते म्हटल्यावर ते म्हणतील, हा दोष नव्हे, हा आळस. मग दहावीच्या पब्लिक परीक्षेत तिला जादा वेळ नाही, लिहायला माणूस नाही, एका भाषेची सूटही नाही. ती नापास होईल. आणि नापास झाली तर शाळा बंद, असं तुझ्या यजमानांनी, मुरलीकृष्णांनी, माझ्यादेखत सांगितलं आहे. ते बोलले तसं करतात.

ती अ श्रेणी खोटी आहे. ज्या पेपरावर ती मिळाली, तो नित्याने लिहिलाच नाही.

लिहिलं एकदाचं. आता सगळं सांगते.

तुला आठवत असेल, त्या वर्षी जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांतल्या तिसरीच्या मुलांची वाचनाची लेखी चाचणी होती. आदल्या वर्षी आमची शाळा आमच्या भागात सगळ्यात खाली होती. मीटिंगला भिंतीवर शाळांची यादी लावली, आमचं नाव लाल रंगात. कोणी मला रागावलं नाही, कोणी खोटं कर म्हणालं नाही. हे तुला मुद्दाम सांगते, कारण गेली सात वर्षं मी मनातल्या मनात कुणावर तरी ढकलायचा प्रयत्न केला, पण ढकलायला कोणी सापडलंच नाही. मला फक्त लाज वाटली होती. माझी, जयलक्ष्मी टीचरची शाळा, आणि लाल रंगात!

आमच्या तिसरीत होती अकरा पोरं. दहा कशीबशी वाचायची. अकरावी नित्या. अक्षर उलटं काढायची, ओळ सोडून खालच्या ओळीवर जायची. पण कानावर एकदा पडलं की धडा पाठ. बाहेरून परीक्षक येणार, त्याला पोरांचे चेहरे थोडेच ठाऊक? चौथीत साईप्रिया होती, पूजाऱ्याची मुलगी, मोत्यासारखं अक्षर. तिला मी सांगितलं, उद्या तू तिसरीत बसायचंस आणि नाव नित्याचं लिहायचंस. "सेरी, टीचर," म्हणत तिने लगेच मान डोलावली. माझ्या शाळेत मला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती, त्याचाच मला केवढा अभिमान.

आणि तुला मी काय सांगितलं? आपल्या अम्मांनी बोललेला नवस राहून गेलाय, नित्याला घेऊन तिरुवैयारूला जाऊन ये, अमुकच दिवशी जायचं आहे. कृष्णवेणी, अम्मांनी असा काही नवस बोललाच नव्हता. तू उपाशीपोटी गेलीस, पोरीला नदीत पाय बुडवू दिलेस, येताना माझ्यासाठी प्रसाद आणलास. मी तो खाल्ला.

पुढचं तुला माहीत आहे. शाळेला शंभर टक्के. समारंभात मला शाल मिळाली. तू पहिल्या रांगेत होतीस, नित्या तुझ्या मांडीवर, दोघी टाळ्या वाजवत होतात.

पण त्यानंतर काय झालं, ते तुला ठाऊक नाही. ज्या शाळांतली पोरं वाचनात मागे राहिली, तिथे पुढच्या वर्षापासून एक खास टीचर यायला लागली. शेजारच्या गावात ती वर्षभर येत होती. आमच्याकडे नाही आली, कारण आमच्याकडे सगळी वाचत होती! ती आली असती तर चार दिवसांत नित्याचा दोष तिच्या लक्षात आला असता. तिची बस आमच्या शाळेवरूनच पुढे जायची. मी व्हरांड्यात उभी राहून तिला नमस्कार करायची.

याहून वाईट अजून सांगायचं आहे. नित्या चौथीत असताना तू मला विचारलंस, "अक्का, पोर वाचत का नाही?" मी तेव्हा खरं बोलू शकले असते. पण चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, "तुम्ही घरात मराठी बोलता ना, म्हणून तिच्या डोक्यात तमिळ अक्षरं बसत नाहीत. बंद करा." मी हेडमिस्ट्रेस, मी मोठी बहीण, तू लगेच मानलंस. त्या दिवसापासून तू तिच्याशी तमिळमध्ये बोलायला लागलीस. मला ठाऊक आहे, तुला ते किती जड गेलं. झोपवताना गाणंसुद्धा बदललंस. आपण दोघी घरात मराठीच बोलत वाढलो, तरी तमिळ शाळेत पहिल्या नंबरानं पास झालोच की! तेवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. पोरीचं वाचन काही सुधारलं नाही, आईची भाषा मात्र गेली. तिला समजतं सगळं, बोलत काही नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो मी झाले.

मग कोरोना आला आणि मी सुटले. सगळी म्हणायला लागली, दोन वर्षं शाळा नव्हती, पोरं विसरली. मीही मान हलवली. खरं सांगू, त्या दिवसांत मला बरं वाटायचं. जग मरत होतं आणि माझं पाप झाकलं जात होतं. हे लिहिलेलं खोडणार नाही.

मुरलीकृष्ण तिला सगळ्यांसमोर मक्कू म्हणतात, मठ्ठ ठरवतात, तेव्हा तू माझ्याकडे बघतेस. तुला वाटतं, अक्का एकटीच तिची बाजू घेते. मी बाजू घेत नव्हते ग. मी फक्त माझं खोटं सांभाळत होते.

तरीही बुधवारपासून मी गप्पच होते. काल काय झालं म्हणून आज लिहिते आहे, तेही ऐक.

काल सकाळी नित्या आणि मी शेंगा मोडत बसलो होतो. मला राहवलं नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं, "डॉक्टरांनी तिसरीचं काही विचारलं तर काय सांगशील?" तिने वर पाहिलं नाही. शेंगा मोडता मोडता म्हणाली, "मीं सांगणार नाहीं, मावशी."

मराठीत म्हणाली, कृष्णवेणी. किती वर्षांनी तिच्या तोंडून पुरं वाक्य ऐकलं, तर ते हे.

मी विचारलं, काय नाही सांगणार? मग ती तमिळमध्ये बोलली. तिला दुसऱ्या दिवसापासूनच ठाऊक आहे. साईप्रियाने शाळेत तिला चॉकलेट दिलं आणि म्हणाली, तुझं नाव मी छान अक्षरात लिहिलंय. नित्या मला म्हणाली, "मी आले असते तर शाळेचं वाईट झालं असतं ना? म्हणून अम्माला नाही सांगितलं. गुरुवारीही नाही सांगणार. तुम्ही घाबरू नका."

आठ वर्षांची होती ग ती. आठ वर्षांच्या पोरीला कळलं होतं की आपण नसलो तरच मावशीची शाळा चांगली दिसते. आणि ते पोटात ठेवून ती दर सुट्टीला माझ्याकडे येत राहिली, माझ्या हातचं जेवत राहिली, रात्री माझे पाय चेपत राहिली. बापाचा मार खाल्ला तरी बोलली नाही.

मी तिची माफी मागायला तोंड उघडलं, तर चालायचंच म्हटल्यासारखं ती म्हणाली, "परवाइल्ले, मावशी," आणि शेंगांचं ताट उचलून आत गेली.

या पाकिटात दुसरा कागद आहे, तमिळमध्ये. काय केलं, कोणी केलं, कोणाच्या नावावर, सगळं लिहून खाली सही केली आहे. हेडमिस्ट्रेस म्हणून जशी करायची तशीच, तारखेसकट. साईप्रियाचं नाव घातलेलं नाही, ती लहान होती. गुरुवारी तो डॉक्टरांपुढे ठेव. त्याआधी मुरलीकृष्णांना वाचू दे. हे मराठी पत्र त्यांना वाचता येणार नाही, तो तमिळ कागद येईल. ते मला काय बोलतील ते बोलू देत, मधे पडू नकोस. त्याची दुसरी प्रत मी उद्या दहा वाजता स्वतः शिक्षण ऑफिसात देणार आहे. म्हणजे तुला दया आली आणि तू कागद दडवलास, तरी उपयोग नाही. चौकशी होईल, शाल परत मागतील, पेन्शनचंही काही होईल. भावोजींना काल रात्री सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "ऑफिसात मी येतो बरोबर."

एक काम मात्र तुला करायचं आहे. हे पत्र नित्याला वाचून दाखव. मराठीतच. एखादा शब्द अडला तर तमिळमध्ये सांगू नकोस, पुन्हा मराठीतच सांग. आणि तिला म्हणावं, मावशीचं गुपित राखायचं काम आता संपलं. डॉक्टर विचारतील, "कधीपासून वाचता येत नाही?" तेव्हा तू उत्तर देऊ नकोस. तिला देऊ दे.

दार वाजलं. आले वाटतं.

मला क्षमा कर, असं लिहिणार नाही. ते तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल, आणि तुला मी आजवर पुष्कळ कामं सांगितली. दीपावलीला मी येत नाही.

तुमची दोघींची अपराधी,
जयलक्ष्मी